फुनाबोरीच्या भिंतीवरचा खाणकामगार

इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींशी माझा काहीही संबंध नाही. माझा जन्म पुण्याचा, नोकरी तोक्योत, घर तिथल्याच फुनाबोरीत, आणि कोळसा मी आयुष्यात एकदाच हातात धरला, तो कणसं भाजायला. तरीही डरहॅमकडच्या एका खेड्यातल्या जॉन नावाच्या खाणकामगारानं माझ्या साहेबाचं लग्न आणि माझी नोकरी एकाच आठवड्यात धोक्यात आणली. (त्याची चूक नव्हती. तो बिचारा शंभर वर्षांपूर्वीच मेला होता.)

साहेब म्हणजे ग्रॅहम-सान (जपानी 'सान' म्हणजे आपलं 'राव'). माझा करार पुढे वाढवायचा तर सही त्याची. म्हणून बायकोनं, म्हणजे मुग्धानं, त्याला जेवायला बोलावलं. सोबत त्याची होणारी बायको लुसी आली. ही आमच्या सईची वर्गशिक्षिका, त्यामुळे माझा करार आणि मुलीची प्रगती एकाच टेबलावर बसून पुरणपोळी खात होते. नोव्हेंबरात दोघांचं लग्न ठरलं होतं. सगळं सुरळीत चाललं होतं, पण सासूबाईही टेबलावर होत्या.

सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. कोथरूडला त्यांनी उभा जन्म वधू-वर सूचक मंडळ चालवलं. माणूस समोर आला की त्या आधी गाव विचारतात, मग मामाचं गाव, आणि मग पाणी!

"विनायकराव, हे तुमचे साहेब मूळचे कुठले?"

मी विचारलं. ग्रॅहम-सान खुलला. पूर्वज शोधणं हा त्याचा छंद निघाला. "खापरपणजोबा जॉन. खाणीत कोळसा फोडायचा. त्याचा बापही. त्याचा मुलगाही."

"माझेही त्याच खोऱ्यातले!" लुसी म्हणाली. "पण आमच्याकडे कुणी कधी शोधलंच नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण साहेब खुशीत, ताटात पुरणपोळी, आणि तुपानं माणसाची जीभ सैल होते. मी म्हणालो, "मी शोधून देतो की! आमचं कामच ते!"

आमचं काम म्हणजे काय, तर एका विमा कंपनीच्या यादीत एकच माणूस दोनदा आला असेल तर त्याला हुडकून एक करायचं. तसा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. नाव तेच, गाव तेच, धंदा तोच, म्हणजे माणूस तोच. जन्मतारीख मी मुद्दाम धरत नव्हतो, कारण विमा काढताना लोक वय चोरतात. रविवारी मी जुन्या जनगणनेच्या नोंदी आणि चर्चची बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची रजिस्टरं त्यात ओतली, निघालेली वंशावळ कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, जाऊन छापून आणली आणि बैठकीच्या भिंतीवर चिकटवली. (त्या भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही. खापरपणजोबा चिकटवू नये असं भाडेकरारात कुठे म्हटलेलं नव्हतं.)

सासूबाई चष्मा लावून भिंतीपुढे उभ्या राहिल्या. बोट ग्रॅहमपासून वर गेलं, लुसीपासून वर गेलं, आणि दोन्ही वेळा एकाच चौकटीत थांबलं.

"अगं बाई! दोघांचा खापरपणजोबा एकच! विनायकराव, ही भावंडं आहेत!"

"आई, त्यांच्यात चालतं असलं लांबचं," मुग्धा म्हणाली.

"सात पिढ्या बघायच्या असतात. इथे पाचव्यातच घोळ! लपवून लग्न लावायचं? माझ्या मंडळातून असं एकही लग्न झालेलं नाही. खात्री आहे ना हो तुमची?"

आता खात्री नाही म्हणावं तर प्रोग्रॅम माझा. मी छाती काढून म्हणालो, "आई, डेटा खोटं बोलत नाही."

साहेबांना हे कधी, कसं, कुठल्या शब्दांत सांगावं यावर मी आणि मुग्धा दोन दिवस डोकं खाजवत बसलो. तिसऱ्या दिवशी सई शाळेतून आली.

"लुसी सेन्सेई क्लासमध्ये रडली."

"का गं?"

"आय डोन्ट नो. मी फक्त आजीचा मेसेज दिला. ग्रॅहम-सान इज यूअर ब्रदर. प्लीज डोन्ट मॅरी."

"पोरीनं निरोप अगदी नीट पोचवला हो!" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ग्रॅहम-सानचा चेहरा पांढऱ्यावरून करडा झाला होता. लुसी ग्योतोकुला मैत्रिणीकडे राहायला गेली होती. त्यानं इंग्लंडला आईला फोन केला, आईनं लुसीच्या आईला केला, आणि आजवर एकमेकींना केकची कृती पाठवणाऱ्या दोन विहिणी आता मेलेल्या जॉनवरून कडाकडा भांडत होत्या. जॉननं दोन घरं थाटली होती, तर त्याला बिघडवलं कुणाच्या बाजूनं, हा मुद्दा होता. लुसीच्या एका म्हाताऱ्या मावशीनं तर शपथेवर सांगितलं म्हणे, की तिच्या आजीला जॉनचा पहिल्यापासूनच संशय होता!

माझ्यामुळे एका सरळमार्गी माणसाच्या अब्रूचा भर तोक्योत आणि डरहॅमात पंचनामा चालला होता, आणि कराराच्या कागदाला साहेबानं हातही लावला नव्हता.

शनिवारी दोघं आमच्याकडे आली. एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून, सख्ख्या भावंडांसारखी! लुसी भिंतीपुढे गेली आणि वाचत राहिली.

"इथे जॉन खाणीत छत कोसळून मेला."

"हो," मी म्हणालो. "फार वाईट झालं."

"आणि इथे दोन वर्षांनी त्याला मुलगी झाली."

मी भिंतीकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे पाहिलं. "पूर्वीची माणसं काटक होती," मी म्हणालो.

"एकाच वसंतात त्यानं तीन चर्चमध्ये लग्न केलंय," ग्रॅहम-सान म्हणाला. "विनायक-सान, तुझा प्रोग्रॅम माहितीतल्या माणसांवर चालवून दाखव. आत्ता."

माहितीतली माणसं म्हणजे आम्हीच. सासूबाईंनी माहेरच्या पाच पिढ्या तोंडपाठ सांगितल्या, मी माझ्या घरच्या घातल्या आणि बटण दाबलं.

सासूबाईंच्या आजोबांचं नाव विनायक, गाव पुणे, धंदा कारकुनी. माझं नाव विनायक, गाव पुणे, धंदा (प्रोग्रॅमच्या मते, आणि मुग्धाच्याही मते) कारकुनी. पडद्यावर एकच चौकट उमटली. मी माझ्या सासूचा आजोबा होतो! म्हणजे बायकोचा पणजोबा. सईनं स्वतःचं नातं बोटांवर मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

पहिली लुसी हसली. हसता हसता तिनं ग्रॅहमच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या खेड्यात दर दुसरा माणूस जॉन, दर जॉन खाणीत, आणि माझ्या प्रोग्रॅमनं गावातल्या सगळ्या जॉनचा मिळून एक रंगेल जॉन केला होता. ग्रॅहम-साननं तिथल्या तिथे दोन्ही विहिणींना फोन लावले. सोमवारी करारावर सही झाली. फक्त खाली हातानं लिहिलेली एक ओळ होती: विनायक-साननं ग्राहकांना एकत्र करण्याआधी कुणाला तरी विचारावं.

मला वाटलं, संपलं. पण दोन आठवड्यांत पितृपक्ष लागला. सर्वपित्रीला सासूबाईंनी वडे, खीर, आमसुलाची चटणी असा सगळा स्वयंपाक केला, पान वाढलं आणि मला हाक मारली.

"आजोबा, बसा."

"मी? अहो आई, ते पान कावळ्याला ठेवायचं ना?"

"इथल्या कावळ्यांना खायला घातलं तर शेजारी तक्रार करतात, मुग्धा म्हणाली. आणि कावळा हवाच कशाला? तुम्ही स्वतःच आला आहात." त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "काही इच्छा राहिली असेल तर सांगा."

काही बोलणार होतो, पण वडे फार सुरेख झाले होते, आणि मेलेल्या माणसानं वाढणाऱ्याशी वाद घालायचा नसतो.