वढ्याच्या काठावरची भाकरी

तवा गाव सोडून माळावर खोप घालून आई, आक्का, मी आन् अंगावर पिणारा भाऊ, एवढी आमी हुतो. आप्पा तेवढा गावात. निपाणीकडं पिलेग आलता, घराघरांत उंदरं मरून पडत हुती. आप्पाच्या मालकाचा ल्योक बेळगावात शिकलेला. उंदरं मरत्यात तवा गाव सोडा, असं त्यानं सांगितलं तसा मालक सगळ्यांच्या आधी बाहेर पडला, आन् तंबाखूच्या वखारीला राखण म्हणून आप्पाला ठिवलं. आप्पाला वाचायबी येत नव्हतं आन् मालकाला न्हाय म्हणायबी.

खोपीतलं ते दिस अजून लई गोड आठवत्यात. गार वारा, हुलग्याचं माडगं, आक्काच्या कुशीतली झोप. गावात पाय ठेवायचं भ्या, म्हणून सांजंला आई वढ्याच्या काठावर भाकरी ठेवून लांबनं हाळी द्यायची, "अवं, भाकरी ठिवलीया!"

पलीकडनं आप्पा वरडायचा, "आजबी करपवलीस व्हय गं?"

"खावा गुमान!" म्हणून आई हासायची.

एक दिस आईनं लई हाळ्या दिल्या, पलीकडनं कोण बोललं न्हाय. सकाळी बघितलं तर भाकरी तशीच. आप्पा वखारीच्या दारातच पिलेगनं गेलता.

साथ सरल्यावर मालक पोराबाळांसकट माघारी आला. तंबाखूबी शाबूत हुती.

बाबांनो, तुमच्याकडं साथ आली तर राखणीला कुणाला मागं ठेवू नगासा. त्यालाबी संगं न्या.