पप्पांची अठरा नाणी आणि माझं एक खोटं

मित्रांनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाहीये, म्हणून लिहितोय.

माझे पप्पा चाकणच्या एका कंपनीतून रिटायर झाले. दर दिवाळीच्या बोनसमधून ते टांकसाळीतून चांदीचं एक सरकारी स्मारक नाणं मागवायचे. "माझ्या नातीचं शिक्षण यातच व्हनार," असं सगळ्यांना सांगायचे. यंदा मुलीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. म्हणून आज फर्स्ट शिफ्ट संपल्यावर मोशीला घरी गेलो आणि ती अठरा नाणी घेऊन काळेवाडीत एका नाणीवाल्या चाचांकडे पोचलो.

चाचांनी भिंगाखाली एकेक नाणं पाहिलं. "भाऊ, जपलीत छान. पण ही हौसेची चीज आहे. ज्याला हवं होतं त्यानं तेव्हाच मागवलं, आता घेणार कोण? चांदीही निम्मीच. सध्या चांदी महाग आहे, म्हणून घातलेले पैसे तरी निघतील."

तेवढ्यात पप्पांचा फोन आला. "काय म्हंत्यात? चौपट तरी देतील ना?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पप्पा, दुकान बंद आहे."

चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नाण्यांच्या डब्या पिशवीत भरून दिल्या.

फीचं काय, लोन काढेन. पण घरी आल्यावर पप्पा म्हणाले, "उद्या मी बी येतो. तुला भाव करता येत न्हाई." आत्ता ते स्वतः शर्टाला इस्त्री करतायत.

तुम्ही असता तर आत्ताच सांगितलं असतं, की उद्या चाचांच्या तोंडून ऐकू दिलं असतं?