पाझरबाईचा डावा डोळा

बस डेपोच्या तक्रार-खिडकीत बसणाऱ्या बाईला सगळे ड्रायव्हर-कंडक्टर पाझरबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण तिच्या जिभेचा तडाखा बसलेला माणूस पाणी मागत नसे. पण तिचा डावा डोळा अखंड पाझरायचा. सकाळी खिडकीचं शटर वर गेलं की पहिला थेंब निघे, गालावरून ओघळे आणि हनुवटीवर थांबून पुढं काय करावं याचा विचार करत बसे.

या डोळ्यावर डेपोचं निम्मं कामकाज चाले. कुणी तणतणत येई, "माझ्या देखत गाडी काढली हो! कंडक्टरनं बघून न बघितल्यासारखं केलं!" बाई ऐकून घेई. मनात बहुधा संध्याकाळच्या भाजीचा विचार चाललेला असे. तेवढ्यात थेंब पडे, आणि समोरच्याचा आवाज एकदम खाली येई. "जाऊ द्या बाई, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? मी जाईन पुढच्या गाडीनं." एकानं तर स्वतःचा रुमाल काढून दिला. बाईनं तो धुऊन हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात ठेवला आणि त्यालाच येऊन घेऊन जायला सांगितलं.

"हे रडणं नव्हे हो, गळती आहे," असं ती प्रत्येकाला सांगे. कुणालाही पटत नसे. खरं बोललं की असंच होतं.

घरी ती आणि तिची मुलगी, दोघीच. मुलगी पुलांचे नकाशे काढायला शिकलेली. गेल्या वर्षी तिला लांबच्या गावी चांगली नोकरी लागली होती. बॅग भरायला घेतली, बाई तिच्या शर्टाला इस्त्री करत होती, आणि थेंब नेमका बाहीवर पडला. मुलीनं भरलेली बॅग उलटी केली.

"मी नाही जात."

"अगं, डोळा आहे तो! तुला लहानपणापासून ठाऊक आहे!"

"मला सगळं ठाऊक आहे," मुलगी म्हणाली, आणि खरंच गेली नाही.

ते बाईच्या मनाला लागलं. आपल्या डोळ्यानं पोरीची नोकरी गिळली, असं तिला वर्षभर वाटत राहिलं. यंदा दुसऱ्या गावाहून बोलावणं आलं तेव्हा तिनं ठरवलं, बॅग खाली काढायच्या आधी डोळा कोरडा करायचा.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. भुवईखाली, बाहेरच्या कोपऱ्याकडे पाणी तयार करणारी ग्रंथी असते. पापणी मिटली की ते पाणी डोळाभर पसरतं. मग नाकाजवळच्या कोपऱ्यात, वरच्या आणि खालच्या पापणीला सुईच्या टोकाएवढं एकेक भोक असतं, त्यातून ते एका पिशवीत उतरतं आणि तिथून नळीनं थेट नाकात जातं.

"नाकात?"

"म्हणून तर माणूस रडायला लागला की नाक वाहतं. तुमच्या डोळ्यात पाणी जास्त नाहीये. खालची नळी बंद आहे, म्हणून ते गालावरून चाललंय."

"म्हणजे मोरी तुंबलीय."

"तसंच समजा."

खात्री करायला त्यांनी खालच्या भोकातून बारीक पिचकारीनं मिठाचं पाणी सोडलं. "घशात खारट लागतंय?" काहीच लागत नव्हतं. सगळं पाणी वरच्या भोकातून उलटं आलं आणि डॉक्टरीणबाईंच्या बाहीवर उडालं. "तक्रार आली तशी परत गेली," बाई म्हणाली.

मग ऑपरेशन झालं. पिशवीपासून नाकात नवी वाट काढली. पुन्हा पिचकारी मारल्यावर बाईनं चेहरा वाकडा केला. "लागतंय खारट! मीठ जरा कमी चाललं असतं." डॉक्टरीणबाईंनी बजावलं, बरेच दिवस नाक शिंकरायचं नाही. वाहिलं तर हलकेच टिपायचं.

डेपोच्या साहेबांना मात्र हे मुळीच मानवलं नाही. बाई कामावर परतली त्याच दिवशी एक गृहस्थ छत्री हरवली म्हणून इतका ओरडला की स्टँडवरची माणसं गोळा झाली. बाई कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली. "या बाईला काळीज आहे का?" असं म्हणत त्यानं साहेबांनाच बाहेर बोलावून घेतलं. संध्याकाळी साहेबांनी दबकत विचारलं, "बाई, हे पुन्हा पूर्ववत होऊ शकतं का हो?"

बाई खुशीत होती. घरी जाऊन तिनं मुलीपुढं तोंड धरलं. "बघ, ठणठणीत कोरडा." मुलीनं फळ निवडावं तसा तिचा चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला.

"ठीक आहे. पण स्टँडवर पाणी दिसलं तर मी गाडीतून उतरेन."

"थेंब दिसला तर विचार!"

आता बाईचं एक गुपित सांगायला हरकत नाही. नवरा गेला तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिनं सांगितलं होतं, "डोळाच असला आहे." आणि त्या आडोशाला ती वर्षभर मनसोक्त रडली, कामावर, बाजारात, जिन्यात. खिडकीत बसताना उजवा गाल भिंतीकडे ठेवायचा, एवढीच खबरदारी. डावा डोळा बिचारा सगळं अंगावर घ्यायचा. गेल्या वर्षी बाहीवर पडलेल्या थेंबात डोळ्याचा वाटा किती आणि तिचा किती, हे तिनं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

निघायच्या दिवशी गाडी फलाटाला लागली, मुलगी पायरीवर चढून वळली, आणि बाईच्या ध्यानात आलं: लपायची जागा तिनं स्वतःच पाडून टाकली होती. तिनं छत्रीवाला आठवला, साहेबांचा चेहरा आठवला, हसू येतंय का पाहिलं. येईना. डाव्या डोळ्याची वाट नवी, मोकळी. त्यानं आपलं पाणी गुपचूप नाकात उतरवलं. नाक वाहू लागलं, आणि शिंकरायची तर बंदी! बाईनं जोरात सुं केलं. पण फितूर झाला तो उजवा. तो काठोकाठ भरला आणि भरभरून गालावर आला.

"आई."

"वारा आहे."

"ऑपरेशन डाव्याचं झालं ना?"

"हो."

"मग उजवा का गळतोय?"

मुलीचा एक पाय पायरीवरून खाली आला.

"चढ वर!" बाई ओरडली. "रडतेय मी. तू जाणार म्हणून रडतेय. गेल्या वर्षीही मीच रडत होते. रडून झालं की डबा खाईन आणि कामाला लागेन. आणि गाडी उशिरा सुटली तर तक्रार माझ्याच खिडकीत येते, कळलं?"

मुलगी हसायला लागली, आणि हसता हसता तिचेही दोन्ही डोळे भरले.

"एवढं सरळ सांगितलं असतंस तर मी गेल्या वर्षीच गेले असते, आई," ती म्हणाली. "तू लपवत होतीस, म्हणून तर भीती वाटली." आणि ती आत जाऊन खिडकीपाशी बसली.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर बाई आपल्या जागेवर आली. घशात खारट लागत होतं. समोर एक माणूस लाल चेहऱ्यानं तयारच उभा होता. तोंड उघडून त्यानं बाईकडे पाहिलं, आणि त्याचा सगळा आवेश गळून पडला.

"राहू द्या बाई, मी नंतर येतो."

"नंतर कशाला?" बाईनं नाक हलकेच टिपलं आणि खुर्ची भिंतीपासून सरकवून त्याच्याकडे सरळ तोंड केलं. "हे माझं रडणं आहे, तुमच्यासाठी नाही. बोला, काय हरवलं?"