जित्या नातवाला पिंड

केडगावच्या पंचक्रोशीत कोणी मेलं की आधी पाहुण्यांना फोन जातो, मग पोपटरावांना. दहाव्याला नदीकाठी मांडव पडतो, पुढाऱ्यांच्या गाड्या लागतात, आणि कावळा पिंडाला शिवेपर्यंतचा वेळ पोपटराव श्रद्धांजलीने भरून काढतात. भीमेच्या या काठाला दौंड, पलीकडे शिरूर. दोन्ही तालुक्यांतले मेलेले त्यांनी सारख्याच मायेने गौरवले. ‘प्रेमळ, मनमिळाऊ, उभं आयुष्य कष्टात’ हे शब्द त्यांनी दारुड्यालाही लावले आणि पुढे त्याच्या बायकोलाही. कावळा अडून बसला तर मेलेल्याची काय इच्छा राहिली असेल, ते तेच सांगतात. बहुतेक वेळा ती इच्छा रस्त्याच्या डांबरीकरणाची निघते.

जिवंत माणसांशी मात्र त्यांचं फारसं जमत नाही.

नातू साई चार वर्षांचा. त्याला खोकला झाला तेव्हा गावातल्या डॉक्टरने साधं सिरप आणि कोमट पाणी सांगितलं. पोपटरावांना तो घराण्याचा अपमान वाटला. ‘‘सोसायटीच्या माजी चेअरमनचा नातू हाय डॉक्टर. हेवी डोस द्या.’’ हेवी डोस झाला. खोकला हटेना म्हणून चौफुल्याच्या डॉक्टरकडून त्याहून हेवी झाला. मग खोकला गेला आणि पोट सुटलं. ते थांबेना. पुढे रक्त पडायला लागलं.

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर साधना होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘औषधांनी आतड्यातले चांगले जंतू मेले. मोकळ्या जागेत एक वाईट जंतू माजलाय आणि तो विष सोडतोय.’’ पोपटरावांनी जाणत्यासारखी मान हलवली. मोकळ्या जागेत कोण माजतं हे राजकारणामुळे त्यांना ठाऊक होतं. जागा कोणी मोकळी केली, हे त्यांनी विचारलं नाही.

साई बरा व्हायचा, घरी यायचा, आणि पुन्हा आजारी पडायचा. अंगावरची हाडं दिसायला लागली तेव्हा साधनाबाईंनी त्याच्या आईला, सायलीला, समोर बसवून सांगितलं. जंतूचं विष धरून निकामी करणारं एक औषध आहे. मोठ्या माणसांना त्याचा उपयोग झालाय, लहान मुलांवर चाचणी चालू आहे. नेहमीचं औषध सगळ्याच मुलांना मिळतं. त्याच्या जोडीला सलाईनमधून काहींना हे नवं औषध, काहींना नुसतंच खारं पाणी. कोणाला काय गेलं हे डॉक्टरलाही कळू देत नाहीत. संमतीचा कागद घरी नेऊन वाचा, पण लवकर कळवा. नेहमीचं औषध चालू आहे तोवरच हे देता येतं.

घरात कागद वाचण्याचा मान पोपटरावांचा. भाषणाच्या चालीवर त्यांनी सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीवर अडले. ‘‘तुमच्या पाल्यास शिरेवाटे... प्रतिपिंड देण्यात येतील.’’

त्यांनी चष्मा काढला. ‘‘जित्या लेकराला पिंड?’’

‘‘पिंड न्हाई आबा,’’ सायली म्हणाली. ‘‘अँटीबॉडी. विषाला धरत्यात त्या.’’

‘‘पिंड कुणाला देत्यात ते मला तू शिकीवणार? आन् बॉडी कशाला म्हणत्यात, ते बी मला म्हाईत हाय.’’

त्यांनी साधनाबाईंना फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे आपला मुद्दा घरालाही ऐकू जावा. ‘‘मॅडम, त्यो पिंड शब्द काढा.’’

‘‘आजोबा, पिंड म्हणजे तिथं शरीर. आणि मजकूर कमिटीनं मंजूर केलाय, मला अक्षर बदलता येत नाही.’’

कमिटी म्हटल्यावर पोपटराव सावरून बसले. ‘‘मंग उपसूचना घ्या की. सूचक मी, अनुमोदक आमचा विश्वजीत.’’

मुलगा विश्वजीत शिक्रापूरच्या कंपनीत सुपरवायझर आहे. तो मोबाईलमध्ये बघत होता आणि बघतच राहिला.

‘‘कमिटी पुढच्या महिन्यात बसेल. तोवर साईचा कोर्स संपलेला असेल,’’ साधनाबाई म्हणाल्या. ‘‘आणि सही आईची किंवा वडिलांची लागते. आजोबांच्या सहीला कागदावर जागा नाही.’’

पोपटरावांनी कागद उलटा करून पाहिला. मागेही जागा नव्हती.

‘‘उद्या न्हावऱ्याला दहावं हाय,’’ फोन ठेवून ते म्हणाले. ‘‘आल्याव बघू.’’

‘‘न्हावऱ्याचा माणूस थांबंल की आबा,’’ सायली म्हणाली. ‘‘त्याला आता कशाची घाई?’’

सुनेच्या जिभेला हाड नाही, असं ते बायकोला, सिंधूबाईंना, म्हणाले आणि झोपले.

सकाळी पोपटराव नदीपलीकडे गेले, मनमिळाऊ म्हणायला. इकडे सायलीनं साईला दुपट्यात गुंडाळलं आणि नवऱ्याला सांगितलं, ‘‘गाडी काढा.’’ विश्वजीतनं काढली. हॉस्पिटलात सहीची वेळ आली तेव्हा तो पार्किंग शोधायला गेला, आणि सही होईपर्यंत त्याला पार्किंग सापडलं नाही. सायलीनं सही केली. सलाईनचे थेंब पडायला लागले. थेंबांकडे बघून काही कळत नव्हतं.

पोट पुन्हा सुटलं नाही. आठवडे गेले, साईच्या गालावर मांस दिसायला लागलं. शेवटच्या तपासणीला पोपटराव स्वतः गेले. साधनाबाईंना बाजूला घेऊन, सोसायटीचा निकाल आदल्या दिवशी विचारावा तशा आवाजात म्हणाले, ‘‘आता आपल्यात सांगा. खरं व्हतं का पाणी?’’

‘‘मला माहीत नाही.’’

पोपटरावांना हे उत्तर आवडलं. इतकं गुप्त ठेवतात म्हणजे आतून काम झालेलं असणार. यवत येईपर्यंत ते औषध खरं ठरलं होतं. केडगावच्या चौकात येईपर्यंत ते त्यांनी शब्द टाकल्यामुळे मिळालं होतं.

संध्याकाळी शेजारची म्हाळसा ओट्यावर येऊन बसली. ‘‘खरं औषध दिलं म्हनं गं, आबांनी शब्द टाकला म्हनून?’’

‘‘काय की बाई,’’ सायली म्हणाली. ‘‘पाणी बी आसंल. पोरगं वरणभात मागून खातंय, तेवढं खरं.’’

आतून पोपटरावांचा आवाज आला. ‘‘पाणी म्हणू नगंस चारचौघांत. मी शब्द टाकलेला हाय.’’

‘‘व्हय आबा,’’ ती म्हणाली, आणि साईसाठी पुढचा घास कालवला.