वाडीवरून जाणारी तार

मंचरहून डिंभ्याला जाणाऱ्या एसटीत तो शेजारी बसला. वायरमन होता, खांद्यावर दोर, खिशात पक्कड. मी तेव्हा सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि क्रांतीच्या पहिल्या. माझं पत्रक त्याच्या हाती दिलं: बिस्मथची केसाहून बारीक तार भयंकर थंड केली, की वीज जराही वाया न जाता वाहते, उद्या झोपडीझोपडीत उजेड.

ओळीवर बोट ठेवून त्यानं सगळं वाचलं.

"भाऊ, शहराची तार आमच्या वाडीवरूनच जाते. मीच सांभाळतो. आजवर खाली थेंबभर वीज सांडली न्हाई, घरात अजून रॉकेलची चिमणीच हाय. आणखी काय सुधारता तिला?"

नीट घडी घालून त्यानं पत्रक परत दिलं. शहराच्या सोयीची जाहिरात मी फुकट वाटत होतो, तीही क्रांती म्हणून.