मशेरीची डबी

सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. लग्न होऊन सांगलीजवळच्या त्या गावात आले, तेव्हा घरातलं एक काम आपसूक माझ्याकडे आलं: तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची आणि चुरून डबीत भरायची. हीच मशेरी. आत्ती ती सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना लावायच्या. त्यानं दात घट्ट राहतात, अशी गावातल्या बायकांची पक्की समजूत. एरवी आत्तींच्या वागण्याला नाव ठेवायला जागा नव्हती. पहाटे उठायच्या, मोजकं जेवायच्या, रोज रानापर्यंत चालत जायच्या.

भाजताना ठसक्यानं माझा जीव जायचा. तरी दुसऱ्या बाळंतपणानंतर मीही चोरून चिमूटभर लावायला लागले. चोर तो चोर वर शिरजोर, डबी लवकर संपली की तंबाखूच हलकी दिली म्हणून दुकानदाराला नावं ठेवायची.

मग एकदा आत्तींना तिखट सोसेना. गालात पांढरा चट्टा दिसला, म्हणून मी त्यांना मिरजेला नेलं. मशेरी आजपासून बंद, नाहीतर हे जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जन्माची सवय त्या सोडतील असं वाटेना.

परतताना एसटीत त्यांनी अट घातली. मी सोडली, तरच त्या सोडणार. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी परसात कडुलिंबाच्या काड्या चावत बसायला लागलो. महिनाभर दोघींची डोकी दुखत होती आणि स्वयंपाकघरात भांडी फार वाजत होती. दात घासून झाले की त्या माझं बोट हुंगून बघायच्या. मला भारी राग यायचा. पण त्यांचा जीव वाचतोय ना, म्हणून निमूट हात पुढे करायची.

काही महिन्यांनी चट्टा गेला. तुमच्यासाठी सोडली त्याचं सार्थक झालं, असं मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्या हसल्या.

"माजं काय गं, माज्या गवऱ्या मसणात गेल्या. तुजी पोरं ल्हान हाईत, म्हनून सोडली म्या."

त्यानंतर त्या वीस वर्षं जगल्या. आज मी त्यांच्या वयाला पोचले आहे. सकाळी दात घासून झाले की अजूनही मी स्वतःचं बोट हुंगते, आणि आत्तींची फार आठवण येते.