ओढून नेम, सोडून फ्रेम

पासपोर्ट फोटोवाली वहिनी गिऱ्हाइकाकडे बघायची ती आरोपीकडे बघावं तशी. स्टुलावर बसलेल्याला आधी गप्प करायची, हनुवटीला बोट लावून तोंड वर करायची, आणि त्यातूनही कुणी हसलंच तर म्हणायची, "हसू नका. हसण्यासारखं इथं काही झालेलं नाही." जिन्याखालची तिची खोली एवढीशी, की गिऱ्हाईक आत घ्यायचं तर आधी तिला बाहेर यावं लागे. पांढरा पडदा, दोन दिवे, दोरीनं आरशाला बांधलेला कंगवा, आणि स्टुलासमोरच्या भिंतीवर नवऱ्याचा मोठा फोटो. तिनंच काढलेला. डोळ्यांतली बुबुळंसुद्धा मोजून घ्यावीत इतका लख्ख.

बाईचं तोंड वाईट, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. का वाईट, ते फोटोच्या धंद्यातल्या जुन्या लोकांनाच ठाऊक. ती वळली की ते एकमेकांना सांगत, "ही पुसटवहिनी."

हे नाव तिला दिलं धाकट्या दिरानं. त्या वेळी स्टुडिओ एकत्र होता. नवरा, दीर आणि ती, तिघंही लग्नं काढत. बायकांच्या घोळक्यात शिरून फोटो काढायला बाईमाणूस बरं, म्हणून तिला मागणी जास्त. शिकवलं होतं नवऱ्यानं. त्या घरात फोकसला फोकस म्हणत नसत, नेम म्हणत. आणि झूम लेन्स हातात घेतली की नवऱ्याचा मंत्र एकच: ओढून नेम, सोडून फ्रेम. म्हणजे भिंग पुढं ओढायचं, माणसाचा डोळा मोठा करून घ्यायचा, पापणीचा केस दिसेपर्यंत नेम धरायचा, आणि मग भिंग मागं सोडून हवी तेवढी माणसं चौकटीत घ्यायची. नेम तिथंच राहतो. हा मंत्र तिनं श्लोकासारखा पाठ केला होता. खोटा पडेल असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तर एका धनवंताच्या लेकीच्या लग्नाच्या सकाळी नवऱ्यानं तिच्या हातात नवीकोरी झूम ठेवली. तो स्वतः जुनी घेऊन दुसऱ्या लग्नाला गेला. हिनं दिवसभर ओढून नेम, सोडून फ्रेम केलं. रोल धुऊन आले तर एकही चेहरा धड नाही. नवरी पुसट, नवरदेव पुसट, दोन्ही व्याही पुसट. वधूपित्यानं स्टुडिओत येऊन जो शिमगा केला, तो समोरच्या दुकानांनीसुद्धा उभं राहून ऐकला. दीर म्हणाला, "आमच्या पुसटवहिनींचा हात लागला की माणसं धुक्यात जातात." नाव चिकटलं ते चिकटलं.

नवरा मात्र एक शब्द बोलला नाही. नंतर एवढंच म्हणाला, की तू आता पासपोर्टचे फोटो बघ, दगदग नको. ती नवी लेन्सही दिसेनाशी झाली. दीर म्हणाला, विकली. पुढं नवरा आजारी पडला, गेला. दिरानं मोठा स्टुडिओ स्वतःकडे ठेवला आणि वहिनीला जिन्याखालची खोली दिली. वाटणीच्या वेळी तिनं चार पाहुण्यांदेखत त्याला चोर म्हटलं, तेव्हापासून बोलणं बंद. पण नवऱ्याचा विषय निघाला की या तिखट बाईचा आवाज मऊ व्हायचा. "ह्यांनी मला कधी 'अगं चुकलीस' असं म्हटलं नाही," असं ती लेकीला इतक्यांदा ऐकवायची, की लेक ते वाक्य तिच्या आधी पूर्ण करायची. 'हे', 'ह्यांनी' याखेरीज नवऱ्याचा उल्लेख तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

एकदा दिव्याची जुनी छत्री शोधायला ती भंगारवाल्याकडे गेली. त्याच्या टेबलावर मेलेले रेडिओ, बिनकाचेच्या बॅटऱ्या, बहिऱ्यांची जोडी हरवलेली श्रवणयंत्रं. त्यात आडवं पडलेलं एक नळकांडं तिनं सहज उचललं आणि त्याचं तोंड खाली केलं, तर नळी आपल्याच वजनानं सरसर पुढं घसरली. बाईच्या हाताला ते वजन ओळखीचं लागलं. तिनं ते उलटं केलं. कॅमेऱ्याला जोडायच्या कडीवर डाळिंबी रंगाचा टिपका होता. अर्धा उडालेला, पण होता.

तो टिपका तिचाच. लेन्स बसवताना खूण खुणेला लागावी लागते, आणि लग्नाच्या गडबडीत कारखान्याचा बारीक ठिपका सापडत नाही, म्हणून तिनं त्या सकाळीच त्यावर नेलपॉलिश लावलं होतं. दीर तेव्हा हसला होता, की वहिनी आता कॅमेऱ्याला टिकली लावणार.

भंगारवाला त्याला दुर्बीण म्हणत होता. तिनं त्याला सुधारलं नाही. दुर्बिणीच्या भावात घेऊन आली.

घरी आणून तिनं ती दिव्यासमोर धरली. आत कडेला बुरशीचे दोन-तीन बारीक धागे, धूळ, पण मधली काच साफ. आतली पाती अजून उघडमीट करत होती. तिला खटकलं ते वेगळंच. पुढच्या काचेभोवतीच्या पट्टीवर जिथं कंपनीचं नाव आणि आकडे असतात, तिथं काहीच नव्हतं. कुणीतरी काळा रंग दिला होता, आणि तोही असा, की एक थेंब काचेवर नाही, एक थेंब कडेला नाही. बोट ठेवायला जागा नव्हती. बाई म्हणाली, "चोरानं काम मात्र फुरसतीत केलंय." चोर म्हणजे दीर, हे सांगायची गरज नव्हती.

लेक इंटरनेटवर कपडे विकायची आणि त्यासाठी तिनं चांगला कॅमेरा घेतला होता. आईनं आणलेली वस्तू बघून ती म्हणाली, की आई, जुनी भुतं घरात आणू नकोस. पण लेक शेवटी आईचीच. नेलपॉलिश पुसायचं पाणी कापसावर घेऊन तिनं ती पट्टी हळूहळू पुसली. काळ्याखालून पांढरी अक्षरं वर आली. केव्हाच बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्याचं नाव, सत्तर ते दीडशे असे आकडे, आणि एक नंबर. लेकीनं ते सगळं फोनवर शोधलं, जुन्या भिंगांचं वेड असलेल्या लोकांनी लिहिलेलं वाचलं. मग म्हणाली, "आई, हिचा नेम टिकत नाही. झूम हलवली की फोकस सरकतो. आधी फ्रेम ठरवायची आणि मग नेम धरायचा, असं लिहिलंय."

आईनं ते मानलं नाही. तिनं मधली जोडकडी मागवायला लावली, जिच्यावर जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसते. ती आली त्या दिवशी दुकान बंद ठेवून तिनं भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं, लेकीचा कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट केला, भिंग पुढं ओढलं, छोट्या जाहिरातीतल्या एका अक्षराच्या वेलांटीवर नेम धरला आणि मागं सोडून फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून बघितला तर सगळं पान मऊ, भिजल्यासारखं. मग भिंग तिथंच ठेवून नेम नव्यानं धरला. वेलांटी कातरून काढावी अशी आली. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तसंच. कॅमेऱ्याच्या काचेतून डोळ्याला फरक कळतच नव्हता, कारण भिंग मागं सोडलं की सगळं बारीक होतं आणि बारकाईत चूक लपते. अंधाऱ्या हॉलमध्ये, धावपळीत, कोण कशाला पुन्हा बघेल? ती तर मंत्र पाळत होती.

ती खाली बसली आणि रडली. नंतर उठून तोंड धुतलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिराला माहीत होतं. म्हणूनच नाव पुसून त्यानं लेन्स गुपचूप विकली आणि तिला आयुष्यभर पुसट ठेवलं. तिला आता त्याच्याकडून एकच हवं होतं. त्यानं चार माणसांसमोर म्हणायचं, की वहिनी, तुमचा हात चुकला नव्हता. मरायच्या आधी तिला हे वाक्य ऐकायचं होतं, आणि दिराच्याच तोंडून.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती त्याच्या स्टुडिओत शिरली. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर कुठल्या कुठल्या नवरानवरींची हसरी तोंडं. काउंटरवर दोन पोरी अल्बमला कोपरे लावत होत्या. एक जोडपं सोफ्यावर बसून नमुने बघत होतं. दीर आतून आला. केस पांढरे, पोट पुढं, बोलण्यात तोच जुना खवचटपणा. इतक्या वर्षांनी वहिनीचे पाय लागले, तेव्हा पासपोर्ट फोटो काढून देऊ का, असं त्यानं विचारलं.

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला, भिंग पुढं ओढलं, त्याच्या डाव्या डोळ्यावर नेम धरला, मागं सोडलं, फोटो काढला आणि पडदा त्याच्या नाकासमोर धरला. त्याचं सगळं तोंड साय धरल्यासारखं झालं होतं. सोफ्यावरच्या जोडप्यानं मान लांब करून बघितलं.

मग ती बोलली, आणि असं बोलली की कोपरे लावणाऱ्या पोरींचे हात थांबले. नेम सरकणारं भिंग, काळी पट्टी, डाळिंबी टिपका, वधूपित्याचा शिमगा, पुसटवहिनी. हरामखोर हा शब्द तिनं दोनदा वापरला. शेवटी म्हणाली, "म्हणा भाऊजी. या सगळ्यांसमोर म्हणा, की तुम्हाला ठाऊक होतं."

दीर चिडेल, नाकारेल, चोराच्या उलट्या बोंबा मारेल अशी तिची तयारी होती. त्यानं लेन्स हातात घेतली. अंगठा पुढच्या पट्टीवर फिरवला.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "दादानंच सांगितलं. रोल धुतले त्याच संध्याकाळी त्यानं ही तपासली. मंत्र त्याचा, लेन्सची पारख त्याची. धंद्यात कळलं असतं तर त्याला कुणी उस्ताद म्हटलं असतं का? म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला सांगू नकोस."

"खोटं."

"नाव मी ठेवलं, कबूल. गंमत म्हणून ठेवलं. पण दादा हसला, म्हणून ते टिकलं. त्यानं एकदा डोळे वटारले असते तर माझी काय टाप होती?" मग त्यानं लेन्स काउंटरवर ठेवली आणि कडवट आवाजात म्हणाला, "आणि ही पट्टी मी रंगवली म्हणता? वहिनी, माझा हात तुम्ही बघितलाय."

बघितला होता. दिरानं एकदा निगेटिव्हवर रिटचिंग करायला घेतलं तेव्हा नवरीला मिशी आली होती. त्या घरात रिटचिंगचा बारीक ब्रश एकाच माणसाच्या हातात जिवंत व्हायचा. तिकाटण्याचे उडालेले पाय, कॅमेऱ्याचं घासलेलं बूड, चष्म्याची दांडी, जे जे खरवडलं जाईल ते ते तो माणूस काळ्या रंगाची डबी उघडून असं झाकायचा, की जुनं आहे हे कळू नये. एक थेंब इकडे नाही, एक थेंब तिकडे नाही. ती कौतुकानं बघत बसायची.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? सोफ्यावरची बाई आपल्या नवऱ्याला हळूच विचारत होती, की आपण दुसरीकडे बघू या का. दीर म्हणाला, की हवं तर मी आता सगळ्यांना सांगतो, तुमचा हात चुकला नव्हता. वाक्य अगदी तेच होतं. तिला ते नको झालं. तिनं लेन्स पिशवीत टाकली.

"मेलेल्या माणसाआड लपताय, तुम्हीही काही कमी नाही," एवढं त्याला सुनावून ती बाहेर पडली.

रस्ताभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ह्यांनी मला कधी 'चुकलीस' म्हटलं नाही. कसं म्हणणार? तसं म्हणायला जीभ धजली असती का? तिनं तो मुकेपणा माया म्हणून जपला होता, लेकीला दागिन्यासारखा दाखवला होता. तिला स्वतःचा संताप आला, दिराचा आला, आणि मग उरलेला सगळा एकाच माणसावर गेला.

जिन्याखालच्या खोलीत येऊन तिनं दोन्ही दिवे लावले. भिंतीवरचा फोटो खाली न उतरवता तिनं स्टूल बाजूला सारलं आणि कॅमेरा समोर मांडला. भिंग पुढं ओढलं. नवऱ्याच्या डोळ्यांतली बुबुळं काचभर मोठी झाली. तिनं नेम धरला, सवयीनं, अगदी पापणीच्या केसापर्यंत. मग तिनं भिंग मागं सोडलं, सगळी चौकट घेतली, आणि बटण दाबलं.

संध्याकाळी लेक डबा घेऊन आली तेव्हा आई एका गिऱ्हाइकाची हनुवटी वर करत होती. लेकीचं लक्ष भिंतीकडे गेलं. चौकट तीच होती, आतला फोटो बदललेला होता. वडील होते, पण नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन मऊ डाग होते.

"आई, हे काय? बाबा असे पुसट का?"

आईनं गिऱ्हाइकाच्या हनुवटीवरचं बोट काढलं नाही.

"तुझ्या बापानं शिकवलं तसाच काढलाय," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "समोर बघा."